कबाट

भुसावळच्या पाच नंबर फलाटावर
रेल्वे पोलिसांना सापडला तो, मंगळवारी.
नाव नाही, गाव नाही,
एका पायात चप्पल, तीही बाईची.
जळगावला आणून समितीपुढे उभा केला
तर पंख्याकडे बघत राहिला.
वय लिहिलं : अंदाजे सहा.
जन्मतारीख : एक जून.
(माझीही तीच, मास्तरांनी ठोकून दिलेली.
आमच्या बालगृहात बावीस मुलं एक जूनची.
एकच केक कापतो, मेणबत्त्या मोजत नाही.)

मी वरिष्ठ काळजीवाहक.
म्हणजे किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला,
म्हणजे उवा, नखं, खरूज,
रात्री दोनला उठवून बारक्यांना मोरीवर नेणं,
आणि निरुपासारख्या नव्या पोरींना सांगणं :
मारायचं नाही. मारायचीच तर मिठी,
तीही विचारून.

त्याला अहिराणीत विचारलं, तुनं नाव काय शे, भाऊ?
हिंदीत विचारलं.
धडगावच्या दित्यानं पावरीत विचारून पाहिलं,
मग खांदे उडवून गोट्या खेळायला गेला.
भाकरीला हा हात लावत नव्हता.
भात दिसला की ताट पोटाशी ओढायचा.
तेवढंच कळलं होतं आम्हाला त्याच्याबद्दल.

रात्री नऊला मी दाराला कुलूप लावते.
नियम आहे.
कुलूप वाजलं की तो उठून बसायचा,
घामानं निथळत, डोळे मिटलेलेच :
कबाट बंद करना, कबाट बंद करना.

बंद केलं, बाळा.
कपाट दाखवलं, दार लावून दाखवलं,
किल्ली फिरवून दाखवली.
तिसऱ्या रात्री भिकन वॉचमनला हाताशी घेऊन
लोखंडी कपाट ओढत व्हरांड्यात काढलं.
फरशीवर चरा पडला, अजून आहे.
नोंदवहीत लिहिलं : मूल कपाटाला घाबरते.
आणि खोलीचं दार जास्तच घट्ट लावलं,
वरची कडीसुद्धा,
त्याला आधार वाटावा म्हणून.

मग एमआयडीसीतल्या कारखान्यातून
दानाच्या चटया आल्या टेम्पोतून.
उतरवणारा बैद्यनाथ, ओडिशाचा.
दुपारची वेळ, पोरं निजलेली,
उन्हाची झळ नको म्हणून मी दार ओढून घेतलं
आणि आतून तेच ओरडणं.
बैद्यनाथच्या खांद्यावरच्या चटया खाली आल्या.
मौसी, म्हणाला, कबाट मतलब दरवाजा.
बोलता है, बंद मत करो.

माझ्या भाषेतला शेवटचा 'ना' लाडाचा.
त्याच्या भाषेत तो नकार.
एकोणीस रात्री
तो नको म्हणत होता
आणि मी हो हो म्हणत कडी लावत होते.

त्या रात्री अहिरराव साहेबांना फोन केला.
नियम, बाई, म्हणाले.
म्हटलं, दाराला कुलूप नाही, पण दारात मी आहे.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग म्हणाले, लेखी द्या.

उंबऱ्यावर सतरंजी टाकून आडवी झाले.
बाहेरून गरम वारा, रानात पाचट जळाल्याचा वास,
कमरेत जुडगा रुतत होता.
दोनच्या सुमाराला तो आला.
मला ओलांडलं नाही.
बोटानं दार ढकलून बघितलं,
हललं,
पुन्हा ढकललं,
हललं,
आणि जाऊन झोपला, पालथा,
तोंड उघडं टाकून.

नोंदवहीची पानं क्रमांकाची, फाडता येत नाहीत.
खाली लिहिलं : वरील नोंद चुकीची आहे.
सही केली.
कपाट व्हरांड्यातच राहिलं.
पोरं त्यात बॅट ठेवतात, कैऱ्या लपवतात.

बैद्यनाथ आता रविवारी येतो,
चहा पितो, मला एकेक शब्द शिकवतो.
भाताला भातच म्हणतात.
पाण्याला पाणी.
आईला बोउ.
हा शेवटचा मी निरुपालाही सांगून ठेवलाय,
पण त्याच्यासमोर
अजून कुणी काढलेला नाही.